आधी तवा तर बघ!

"आई, गेम धक्के खातोय. नवीन ग्राफिक्स कार्ड लागेल," लेकाने तिसऱ्यांदा सांगितलं आणि माझा पारा चढला. सहाच महिन्यांपूर्वी भिशीच्या पैशातून त्याला १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन दिला होता. "आता एक पैसा मिळणार नाही!" मी ठणकावलं. त्याचा पडलेला चेहरा पाहून मात्र राहवेना. शेजारी बसले. म्हटलं, "नीट समजावून सांग."

कॉम्प्युटर सेकंदाला जितकी चित्रं तयार करतो, तो फ्रेम रेट. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो, तो रिफ्रेश रेट. मला आपलं स्वयंपाकघरच आठवलं. एकीने कितीही भराभर पोळ्या लाटल्या, तरी तव्यावर भाजून निघतील तेवढ्याच पानात पडणार! आणि लाटणारीच सावकाश असेल, तर तवा नुसता तापत राहणार. दोघींचा मेळ बसला नाही, की पडद्यावर अर्धं जुनं, अर्धं नवं चित्र येतं. मधेच फाटल्यासारखं दिसतं.

"तुझा कॉम्प्युटर किती लाटतो?"

"शंभराच्या वर."

"आणि तवा?"

त्याने डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. रिफ्रेश रेट ६० वरच होता! मॉनिटर आणल्यापासून कुणी बदललाच नव्हता. १४४ निवडला आणि गेम सरसर चालू लागला. कार्डाचा खर्च वाचला.

मैत्रिणींनो, मुलांनी काही मागितलं, की "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी घटकाभर शेजारी बसून बघा. मला ते सहा महिने उशिरा सुचलं, इतकंच!