सावडीबाहेरची माणसे

मार्गासनीहून गुंजवण्याकडे वळले की राजगडाच्या पायथ्याची भातखाचरे लागतात. लावणी एका घराच्या हातांनी वेळेत उरकत नाही, म्हणून मावळात सावड चालत आली: आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. नांगरटीला इर्जिक, ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे. पैसा नाही, कागद नाही, सरकार तर नाहीच. सामाजिक जबाबदारी म्हणजे काय, असे विचारले की परंपरावादी माणूस याकडे बोट दाखवतो आणि त्याचे म्हणणे पोकळ नाही. शेजाऱ्याची नड शेजाऱ्याला आधी कळते. खरा अडलेला कोण नि अंगचोर कोण, हे कचेरीला कळेपर्यंत हंगाम उलटतो. उदारमतवादी मात्र विचारतो की अडलेल्याने मदतीची वाट पाहायची, की ती हक्काने मागायची? दया दोघांकडेही असते. खरे भांडण या प्रश्नावर आहे.

सावडीत शिरायला स्वतःचे खाचर लागते, निदान परतफेड करणारे धडधाकट हात तरी. भूमिहीन किंवा अंथरुणाला खिळलेला माणूस त्या हिशेबात बसत नाही. त्याच्या वाट्याला गावाची मर्जी येते. ती मर्जी कशी चाले, हे महार वतनाने दाखवून दिले आहे. सरकारची नि गावाची पडेल ती कामे करायची आणि मोबदल्यासाठी बलुत्याची वाट पाहायची. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच बांधिलकीतून सुटका व्हावी म्हणून. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. गाव त्या माणसांना नावानिशी ओळखत होते, तरी न्याय बाहेरूनच आणावा लागला.

१९७२ च्या दुष्काळात तर अख्खी गावेच अडली. शेजारीही उपाशी असेल, तर शेजारधर्म काय करणार? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर कामाला आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या खर्चासाठीच लावलेला. ज्याचे तोंडही पाहिलेले नाही, अशा मजुराची जबाबदारी पगारदारावर टाकायची, ही उदारमतवादाची मूळ मागणी इथे कायद्यात उतरली. फुकट मिळाले की लोक आळसावतात, हा आक्षेप इथे तितकासा लागू पडत नाही. उन्हात खडी फोडून, माती वाहून, मोजमापाप्रमाणे मिळणाऱ्या मजुरीसाठी दुसरी वाट असलेला सहसा येत नाही. बोगस हजेरीपटांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ती लूट खरी होती. पण हजेरीपट असतो, म्हणून तो खोटा ठरवता येतो. गावकीने कोणाला वगळले, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

यावरून सगळे सरकारवर सोपवावे, असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या आईबापांचेच पाहा. मुलांनी त्यांना सांभाळावे, हा परंपरेचा सर्वांत जुना आग्रह; पण २००७ मध्ये तो कायद्यात घालावा लागला. आईबापांना निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो. कायद्याने माया येत नाही, असे यावर म्हटले जाते. बरोबर आहे, कायदा माया मागतच नाही, तो खर्च मागतो. मायेला वाव मात्र ठेवतो: सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपवता येते, आणि त्याने महिन्याभरात निष्कर्ष द्यायचे असतात. घरातल्या घरात मिटले तर उत्तमच. नाही मिटले, तर महिन्याची रक्कम न्यायाधिकरण ठरवून देते.