म्हाताऱ्या विहिरीला फुंकणी

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी ब्रिटनच्या ‘बीपी’ची तांत्रिक मदत घ्यायचं ठरवलं आणि ‘तेल-वायूचं उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढणार’ असे मथळे झळकले. समुद्रातलं हे तेल-वायूक्षेत्र सापडलं १९७४ मध्ये. पन्नाशी उलटल्यावर तिथे वाढण्याजोगं उरलंय तरी काय?

तेलाचं सोडा, वायूचंच बघू. डोळ्यांपुढे लगेच घरचा सिलिंडर येतो, पण तो दिशाभूल करतो. त्यात गॅस द्रवरूपात असतो, म्हणून शेवटापर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. जमिनीखालचा वायू सायकलच्या ट्यूबमधल्या हवेसारखा वागतो. काढाल तसा दाब उतरतो.

आणि तो एकटा वर येत नाही, पाण्याचे थेंबही घेऊन येतो. जोर असतो तोवर थेंब उडत वर जातात. जोर ओसरला की ते विहिरीच्या नळीतच मागे पडतात, तळाशी पाणी साचतं आणि खाली वायू असूनही विहीर बुडून मरते. थेंब उचलायला किमान किती वेग लागतो, याचं सूत्र टर्नर, हबर्ड आणि डकलर या तिघांनी १९६९ मध्ये मांडलं. जगभरचे अभियंते ते आजही वापरतात. मथळ्यांत मात्र ही नावं कधी दिसायची नाहीत.

उपाय ऐकून हसू येईल. जास्त वायू हवा, म्हणून विहिरीत आणखी बारीक नळी सोडायची! आजीची फुंकणी आठवा. श्वास तोच, पण अरुंद नळीतून गेला की निखारा फुलतो. (नळी फारच बारीक केली तर घर्षणच वायूला अडवतं, म्हणून माप जपून निवडावं लागतं.) काही विहिरींत तर चक्क साबणाच्या कांड्या टाकतात. पाण्याचा फेस होतो, आणि हलका फेस मंद वायूलाही उचलता येतो.

खर्चिक वाट म्हणजे कॉम्प्रेसर. वरून ओढ लावली की विहिरीच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि खालचा दमलेला वायूही वर येतो. नॉर्वेने ऑसगार्ड क्षेत्रात २०१५ मध्ये हे यंत्र थेट समुद्रतळावर, सुमारे ३०० मीटर खोल बसवलं.

आता ते ६० टक्के. ती वाढ मोजायची आहे कराराच्या दहा वर्षांसाठी धरलेल्या आधाररेषेवरून, म्हणजे नवं काही न करता जेवढं उत्पादन निघेल त्यावरून, आणि जुन्या क्षेत्राची आधाररेषा सहसा उतरतीच असते. उतरत्या जिन्यावर दोन पायऱ्या वर चढलात, तरी आजच्या मजल्यावर पोहोचालच असं नाही. पुढचा असा मथळा वाचाल तेव्हा आधी विचारा, वाढ नेमकी कशाच्या तुलनेत?