पुन्हा परीक्षेला बसताना



बारावीचा निकाल लागला की आमचे जुने विद्यार्थी पेढे घेऊन शाळेत येतात. जे नापास होतात ते मात्र येत नाहीत. रस्त्यात भेटले तरी नजर चुकवून निघून जातात. खरे पाहिले तर शिक्षकांकडे येण्याची अधिक गरज त्यांनाच असते.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अशीच घरात बसून राहिली होती. तिला परिचारिका व्हायचे होते. दहावीपर्यंत ती आमच्याच शाळेत उर्दू माध्यमातून शिकली होती. नंतर तिने शास्त्र शाखा घेतली. बारावीत तिला जीवशास्त्रात ५४ गुण मिळाले, पण रसायनशास्त्रात २९ आणि भौतिकशास्त्रात २४. दोन विषय गेले. तिची अम्मी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, आता हिचे नर्सिंग संपलेच ना?"

संपले नव्हते. का संपले नव्हते, तेच आज आपण समजून घेऊ.

महाराष्ट्रात बारावीला उत्तीर्ण होण्यासाठी विषयात १०० पैकी ३५ गुण लागतात. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत एखादा विषय राहिला, तर मंडळाची पुरवणी परीक्षा असते. ती बहुधा जून-जुलैमध्ये होते. उत्तीर्ण झालेल्या विषयांत सूट घेता येते आणि फक्त राहिलेल्या विषयांची परीक्षा पुन्हा देता येते. त्यातही यश आले नाही, तर पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा बसता येते. म्हणजे एका गुणपत्रिकेने दार कायमचे बंद होत नाही.

पण येथेच पुष्कळ मुले एक चूक करतात. त्यांना वाटते, ३५ गुण मिळाले की काम झाले. बारावी पास होण्यासाठी हे खरे आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी खरे नाही. या पदवीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय शास्त्राच्या तिन्ही विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ही अट ४० टक्के आहे. आपल्या प्रवर्गाला कोणती अट लागू आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचून घ्यावे.

आता थोडे गणित करा. तीन विषयांचे मिळून ३०० गुण. ३०० चे ४५ टक्के म्हणजे १३५. प्रत्येक विषयात फक्त ३५ मिळाले तर बेरीज होते १०५. असा विद्यार्थी बारावी पास आहे, पण या पदवीसाठी पात्र नाही. त्याला ३० गुण कमी पडतात.

माझ्या विद्यार्थिनीने जुलैमध्ये पुन्हा परीक्षा दिली. रसायनशास्त्रात तिला ४१ गुण मिळाले. भौतिकशास्त्रात ३१. एक विषय सुटला, एक पुन्हा गेला. तिचे अब्बा म्हणाले, "एकदा पाहिले, दोनदा पाहिले. आता पुरे." घरात तिच्या लग्नाची बोलणीही सुरू झाली. अम्मीने मात्र आणखी एक वर्ष मागून घेतले.

मी मुलीला गुणपत्रिका घेऊन बोलावले. आम्ही दोघींनी बेरीज केली. जीवशास्त्र ५४ आणि रसायनशास्त्र ४१, एकूण ९५. ती खुल्या प्रवर्गातली होती. १३५ होण्यासाठी भौतिकशास्त्रात ४० गुण हवे होते. ३५ मिळवून ती पास झाली असती, पण प्रवेशाला पाच गुण कमी पडले असते. मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर ३५ न लिहिता ४० लिहायला सांगितले.

मग मी विचारले, "जुलैच्या परीक्षेसाठी तू काय वेगळे केलेस?" ती गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "काही नाही. तेच पुन्हा पाठ केले."

मित्रांनो, अभ्यास बदलला नाही, तर निकाल कसा बदलेल? म्हणून पहिले काम होते, चूक कोठे होते ते शोधण्याचे. आम्ही तिला जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. व्याख्या तिने घडाघडा लिहिल्या. उदाहरणे मात्र कोरी सोडली. उदाहरण उर्दूत समजावून सांगितले की ती ते सोडवत असे. तेच इंग्रजीत वाचले की अडत असे. अडचण बुद्धीची नव्हती, शब्दांची होती.

तुमच्यापैकी अनेकांना पुढे हीच अडचण येणार आहे. आपण दहावीपर्यंत शास्त्र उर्दूत शिकतो. अकरावी-बारावीला ते बहुधा इंग्रजीतून शिकवतात. म्हणून तिने एक वही केली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. दबाव, दाब, प्रेशर. खलिया, पेशी, सेल. कसाफत, घनता, डेन्सिटी. रोज पाच शब्द आणि रोज दोन उदाहरणे. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका. जे आले नाही ते दुसऱ्याच दिवशी विचारायचे, लाजायचे नाही. एवढाच नियम होता.

फेब्रुवारीच्या परीक्षेत तिला भौतिकशास्त्रात ४६ गुण मिळाले. आता बेरीज करा: ४६, ४१ आणि ५४. एकूण १४१, म्हणजे ४७ टक्के. ती पास तर झालीच, आणि पात्रही झाली. तिला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. आज ती एका रुग्णालयात परिचारिका आहे.

आज या पदवीसाठी प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगविषयीचा कल यांवर प्रश्न असतात. म्हणजे पुन्हा परीक्षेला बसताना केलेला अभ्यास वाया जात नाही. तोच येथेही उपयोगी पडतो.

तुम्ही विचाराल, रुग्णाची सेवा करायला भौतिकशास्त्र कशाला? हा प्रश्न मी त्या मुलीलाच विचारला. गेल्या वर्षी ती शाळेत आली होती. तिने फळ्यावर एक उदाहरण लिहिले. डॉक्टरांनी सांगितले की ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्या. नळी अशी आहे की १ मिलिलिटरचे २० थेंब पडतात. मग मिनिटाला किती थेंब हवेत? एकूण थेंब १०,०००. चार तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. चूक झाली तर सलाईन फार भरभर जाईल किंवा फार हळू जाईल. दोन्हींत रुग्णाला धोका आहे.

सलाईनची पिशवी उंच का टांगतात? शिरेतल्या रक्तालाही दाब असतो. पिशवी उंचावर असली की द्रवाचा दाब त्याहून अधिक होतो आणि सलाईन शिरेत जाते. पिशवी खाली आणली तर रक्त उलट नळीत येऊ शकते. हे झाले भौतिकशास्त्र. नेहमीच्या सलाईनमध्ये ०.९ टक्के मीठ असते, म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम. हे झाले रसायनशास्त्र. त्याऐवजी नुसते शुद्ध पाणी शिरेत गेले, तर ते परासरणाने तांबड्या पेशींत शिरेल, पेशी फुगतील आणि फुटतील. हे झाले जीवशास्त्र. तिन्ही विषय एका पिशवीत आहेत. म्हणूनच प्रवेशासाठी तिन्ही विषयांची अट आहे.

ती आणखी एक गोष्ट म्हणाली. "टीचर, औषधांची नावे इंग्रजीत असतात, पण दुखणे लोक मराठीत सांगतात. कळ येते, ठणकते, मळमळते, गरगरते. हे शब्द कळले नसते तर मी काय केले असते?" मराठीच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे!

सर्वांनाच ४५ टक्के मिळतील असे नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. जनरल नर्सिंग म्हणजे जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. शास्त्र शाखेला प्राधान्य असते, पण इतर शाखांचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. जी.एन.एम. करून परिचारिका म्हणून नोंदणी झाली, की पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून बी.एस्सी. ही पदवी घेता येते. वाट थोडी लांबची आहे, पण त्याच गावाला जाते. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, याची खात्री करून घ्या. मान्यता नसलेल्या संस्थेत पैसा जातो आणि वर्षेही जातात.

मित्रांनो, नापास होणे ही आनंदाची गोष्ट नाही. त्यात वेळ जातो, पैसा जातो आणि घरच्यांची बोलणी ऐकावी लागतात. पण गुणपत्रिका एवढेच सांगते की त्या दिवशी तुम्हाला किती येत होते. पुढे किती येईल, हे ती सांगत नाही. म्हणून निकाल वाईट लागला तर लपून बसू नका. गुणपत्रिका घेऊन शिक्षकांकडे या. आधी बेरीज करू, मग चूक शोधू, आणि मग अभ्यासाला लागू.

स्वाध्याय

१. फक्त ३५ गुण मिळवणे त्या विद्यार्थिनीला का पुरेसे नव्हते?
२. जुलैच्या परीक्षेत तिचा एक विषय पुन्हा का राहिला? नंतर तिने अभ्यासात कोणता बदल केला?
३. एका विद्यार्थ्याला रसायनशास्त्रात ४८ आणि जीवशास्त्रात ४५ गुण आहेत. ४५ टक्क्यांची अट पूर्ण करण्यासाठी त्याला भौतिकशास्त्रात किती गुण हवेत?
४. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकातील दहा शब्द घ्या. ते उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन रकान्यांत लिहा.