न्यूट्रॉन आत, अल्फा बाहेर: एक आकडा मोजणं इतकं अवघड का?

अणुभट्टीचं सिम्युलेशन म्हणजे शेवटी एक प्रोग्रामच. कोड कितीही भारी असू दे, तो ज्या डेटा-फाइलवर चालतो तीच डळमळीत असेल तर? मी सॉफ्टवेअरवाला. अशी भानगड दिसली की आत डोकावल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑक्सिजन-१६ वर वेगवान न्यूट्रॉन आदळला की कधीकधी अल्फा कण बाहेर पडतो आणि मागे कार्बन-१३ उरतो. त्यासाठी न्यूट्रॉनकडे साधारण २.४ एमईव्ही ऊर्जा तरी हवी. अणुभट्टीत ऑक्सिजन कुठे असतो? पाण्यात, आणि युरेनियम ऑक्साइडच्या इंधनातही! असा गिळला गेलेला प्रत्येक न्यूट्रॉन साखळीतून कायमचा बाद. म्हणून ही शक्यता, म्हणजेच क्रॉस-सेक्शन, नेमकी किती हे कळायला हवं.

बोरॉन-१० चं काम सोपं आहे. तिथे मंद न्यूट्रॉनही चालतो आणि क्रॉस-सेक्शन ३,८०० बार्नच्या वर. ऑक्सिजनचं एका बार्नपेक्षाही कमी. त्यात अल्फा कण साध्या कागदानेही अडतो, त्यामुळे नमुना जाड घेतला तर अल्फा आतच अडकून बसतात. पातळ घेतला तर मोजायला हाती काही लागत नाही. यावर एक झकास युक्ती आहे: डिटेक्टरमध्येच कार्बन डायऑक्साइड भरायचा. वायू हाच नमुना आणि वायू हाच मोजणारा. न्यूट्रॉनची ऊर्जा कळते त्याच्या प्रवासाच्या वेळेवरून. सर्नच्या एन-टॉफमध्ये १८५ मीटरचा मार्ग आहे. ५ एमईव्हीचा न्यूट्रॉन तो साधारण ६ मायक्रोसेकंदांत कापतो.

दुसरी पद्धत ॲक्टिव्हेशनची. मुंबईत टीआयएफआरच्या आवारातल्या पेलेट्रॉनवर लिथियमवर प्रोटॉन मारून न्यूट्रॉन तयार करतात आणि नमुना किती किरणोत्सारी झाला ते बघतात. पण कार्बन-१३ स्थिर आहे. त्यामुळे इथे ती युक्ती लागू पडत नाही.

मग उलटा रस्ता धरायचा. कार्बन-१३ वर अल्फा मारा, बाहेर येणारे न्यूट्रॉन मोजा आणि गणिताने सुलट प्रक्रियेचा आकडा काढा. खरी गडबड इथेच झाली. १९७३ आणि २००५ च्या अशा दोन मोजण्यांत आलेखाचा आकार बराचसा जुळतो, पण २००५ चे आकडे बरेच खाली आहेत. न्यूट्रॉन डिटेक्टर शंभरातले नेमके किती पकडतो, हे ठरवण्यातच घोळ होऊ शकतो. अमेरिकेच्या ईएनडीएफ/बी डेटा-संग्रहात ऑक्सिजनचा हा आकडा आधी साधारण एक तृतीयांशाने खाली आणला होता. २०१८ च्या आवृत्तीत तो परत वर नेला. अणुभट्टीच्या इनपुटमध्ये एवढी उडी!

मॉडेल वापरून भांडण मिटत नाही का? मध्यम-जड केंद्रकांसाठी १९५२ चं हाउझर-फेशबाख गणित आहे. न्यूट्रॉन गिळून तयार झालेलं केंद्रक आपण कसे बनलो ते विसरतं आणि मग संख्याशास्त्राने फुटतं, असं ते मानतं. पण अल्फाला विद्युत अडथळ्यातून बोगदा काढून बाहेर पडावं लागतं. अल्फाचं पोटेन्शियल किंचित बदललं की उत्तर बदाबदा हलतं. ऑक्सिजनसारख्या हलक्या केंद्रकात तर अनुनाद सुटेसुटे असतात, सरासरीला अर्थच उरत नाही. तिथे आर-मॅट्रिक्स वापरतात: सगळ्या प्रक्रियांचा डेटा एकत्र बसवायचा. एकूण शक्यतेचा ताळेबंद जुळलाच पाहिजे, म्हणून एकाचा आकडा मनाला येईल तसा वरखाली करता येत नाही. या ताळेबंदाचा कौल वरच्या आकड्याकडे आहे. मला हीच बाजू जास्त पटते, कारण स्वतंत्र डेटा आपोआप एकमेकांना तपासतो.

हात शिवशिवत असतील तर व्हिएन्नाच्या आयएईएचा एक्सफॉर संग्रह सगळ्यांना खुला आहे. त्यात दोन्ही मोजण्या शोधा आणि एकाच आलेखावर काढून बघा.