समोर काही नसताना लागणारा ब्रेक
गाडी आणि आपण : लेखांक ९

स्वयंचलित ब्रेक कसा काम करतो, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. बंपरमधलं रडार समोरच्या वस्तूचं अंतर आणि ती किती वेगाने जवळ येतेय ते मोजतं. काचेमागचा कॅमेरा ती वस्तू काय आहे ते ओळखतो. टक्कर होणार असं दिसलं, की चालकाची वाट न पाहता गाडी स्वतःच ब्रेक लावते. हीच यंत्रणा चुकते तेव्हा काय होतं, ते आज पाहू.

चूक दोन प्रकारची असते. ब्रेक नको तिथे लागतो, किंवा हवा तिथे लागत नाही. या दोन चुका एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत, की एक कमी करायला जावं तर दुसरी वाढते. आजच्या बहुतेक प्रकरणांचं मूळ या गुंत्यात आहे.

पहिल्या चुकीचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. निस्सानच्या ‘रोग’ या एसयूव्हीच्या २०१७ आणि २०१८च्या गाड्या रेल्वे फाटकावर, पुलापाशी, खाली लोंबणाऱ्या सिग्नलपाशी अचानक ब्रेक लावतात, अशा तक्रारी मालक करू लागले. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून द्यायला सुरुवात केली, पण रिकॉल जाहीर केला नाही. तेव्हा ‘सेंटर फॉर ऑटो सेफ्टी’ या ग्राहकसंस्थेने सरकारकडे अर्ज केला आणि सप्टेंबर २०१९मध्ये तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने सुमारे साडेपाच लाख गाड्यांची चौकशी सुरू केली.

फाटक आणि पूलच का? रूळ लोखंडाचे, पुलाचे गर्डर लोखंडाचे. रडारच्या लहरी त्यांच्यावरून जोरात परततात. साध्या रडारला अंतर आणि वेग नेमका कळतो, उंची मात्र नीट कळत नाही. त्यामुळे चढावर असलेल्या गाडीला पुढचा पूल थेट आपल्या वाटेत उभा असल्यासारखा भासतो. त्या क्षणी रडारच्या हाती एवढीच माहिती असते : समोर धातूची मोठी वस्तू आहे आणि ती स्थिर आहे. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकबद्दलही ते हेच सांगेल. स्थिर धातूकडे दुर्लक्ष करायला गाडीला शिकवलं, तर पुलापाशी ब्रेक लागणं थांबेल, पण बंद ट्रकही दिसेनासा होईल. म्हणून कॅमेऱ्याची साक्ष घ्यावी लागते. आणि मावळतीचं ऊन, बोगद्याच्या तोंडाशी येणारा झगझगाट, डांबरावरची गडद सावली यांपुढे कॅमेराही फसतो.

वेग वाढला की अडचण आणखी वाढते. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी पूर्ण ब्रेक लावल्यावर थांबायला साधारण १७ ते १८ मीटर घेते. ताशी १०० किलोमीटरला तेच अंतर ४८ मीटरच्या आसपास जातं. म्हणजे वेग दुपटीनेही वाढला नाही, पण अंतर पावणेतीन पट झालं. हायवेवर टक्कर टाळायची, तर निर्णय निदान ५० मीटर आधी घ्यायला हवा. एवढ्या लांबून माणूस कॅमेऱ्यात इवलासा दिसतो आणि वळणाच्या कडेला उभी असलेली गाडी नाकासमोर असल्यासारखी वाटते. लवकर ब्रेक लावावा तर तो फुकट लागण्याचा धोका; खात्री होईपर्यंत थांबावं तर उशीर.

फुकट लागलेला ब्रेक म्हणजे नुसती गैरसोय नाही. मागून भरधाव येणाऱ्या वाहनाला त्याचं कारण दिसत नाही, आणि टक्कर टाळणारी यंत्रणाच टक्कर घडवते. फेब्रुवारी २०२२मध्ये याच तक्रारींवरून अमेरिकेत दोन मोठ्या चौकश्या सुरू झाल्या. एक टेस्लाच्या सुमारे सव्वाचार लाख गाड्यांची, दुसरी होंडाच्या सुमारे सतरा लाख अकॉर्ड आणि सीआर-व्ही गाड्यांची.

कधी रडार-कॅमेरे धडधाकट असतात आणि चूक सॉफ्टवेअरमध्ये असते. ऑक्टोबर २०२१मध्ये टेस्लाने आपल्या चाचणी-आवृत्तीचं नवं सॉफ्टवेअर काही गाड्यांना पाठवलं. गाडी उभ्या अवस्थेतून जागी होताना तिच्या संगणकातल्या दोन चिप्समधला संवाद तुटू लागला. त्यामुळे आसपासच्या वाहनांच्या वेगाचा अंदाज चुकू लागला, टकरीचे खोटे इशारे वाजू लागले आणि अकारण ब्रेक लागण्याची वेळ आली. कंपनीने तातडीने सॉफ्टवेअर मागे घेतलं आणि ११,७०४ गाड्यांचा रिकॉल नोंदवला. आदल्या दिवशीपर्यंत नीट चालणारी यंत्रणा एका अपडेटने बिघडली होती.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती घडेपर्यंत कळत नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संशोधन संस्थेने रात्री पादचाऱ्याचा पुतळा रस्त्यात आणून तीन गाड्यांची चाचणी घेतली. त्याचे निष्कर्ष जानेवारी २०२५मध्ये आले. पुतळ्याला चमकत्या पट्ट्यांचे कपडे घातल्यावर होंडा सीआर-व्ही आणि माझदा सीएक्स-५ बहुतेक फेऱ्यांत त्याला धडकल्या. सुबारू फॉरेस्टर मात्र एक फेरी सोडून प्रत्येक वेळी वेळेत थांबली. आपण दिसावं म्हणून रस्त्यावरचा कामगार जे जॅकेट घालतो, तेच काही यंत्रांना गोंधळात पाडतं. दुसऱ्या कंपनीला जे जमतं ते या दोघींना का जमू नये, हा प्रश्न त्या कामगाराच्या वतीने विचारलाच पाहिजे.

अमेरिकेने एप्रिल २०२४मध्ये नियम केला : सप्टेंबर २०२९पासून प्रत्येक नव्या कारला ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगापर्यंत समोरच्या वाहनाची टक्कर टाळता आली पाहिजे आणि अंधारातही पादचारी ओळखता आला पाहिजे. रस्त्यावर पसरलेल्या लोखंडी पत्र्यावरून किंवा दोन उभ्या गाड्यांच्या मधून जाताना ब्रेक उगाच लागू नये, याचीही चाचणी त्यात आहे. या नियमाविरुद्ध वाहन उत्पादकांची संघटना जानेवारी २०२५मध्ये कोर्टात गेली. इतक्या लवकर लागणाऱ्या ब्रेकमुळे मागून धडका बसतील, असं तिचं म्हणणं आहे. ही भीती अगदीच निराधार नाही. पण तिच्यावरचा उपाय अधिक चांगले सेन्सर आणि अधिक कसून चाचणी हा आहे, मापदंड खाली आणणं हा नव्हे.

मग ही सोय बंदच करून टाकावी का? नाही. आयआयएचएसच्याच अभ्यासानुसार स्वयंचलित ब्रेकमुळे समोरच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात निम्म्याने घटतात.

आपल्याकडे २०२१च्या महिंद्रा एक्सयूव्ही७०० आणि एमजी अ‍ॅस्टरपासून ही यंत्रणा मध्यम किमतीच्या गाड्यांत आली. ती चांगली राहावी म्हणून थोडी काळजी घ्यावी लागते. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या, बिलात ते लिहिलंय का पाहा. रडारसमोर जादा गार्ड किंवा शोभेची पट्टी लावू नका. बंपरला लांबी भरून रंग द्यायचा असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. पावसाळ्यात रडारवरचा चिखल पुसत जा.

आणि ब्रेक उगाच लागला तर गप्प बसू नका. तारीख, ठिकाण, वेग, ऊन-पाऊस लिहून ठेवा, सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर मालकाला थेट तक्रार नोंदवता येते. अमेरिकेतल्या चौकश्या सामान्य मालकांच्या तक्रारींतूनच उभ्या राहिल्या. तुमची एक नोंद दुसऱ्या कुणाचा अपघात टाळू शकते. ती जरूर करा.

(पुढील लेखांक : गाडी आपली लेन सोडते तेव्हा)