टीप : बक्षिसी की मजुरी?

आपल्या इचलकरंजीत मजुरीचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती पैसे, यावर येथे मोर्चे निघाले, संप झाले. दिवाळीचा बोनस ही मालकाने दिलेली पोस्त नव्हे, हेही कामगाराला ठाऊक आहे. म्हणूनच येथून लेका-लेकीकडे अमेरिकेला गेलेली वडीलधारी माणसे हॉटेलच्या बिलापाशी अडखळतात. ५० डॉलरच्या जेवणावर आणखी नऊ-दहा डॉलर कशाला? आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवली की झाले, चहाच्या गाड्यावर तर तीही नाही.

पण तेथील वाढप्याचा पगार आधी पाहावा. टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला अवघे २.१३ डॉलर दिले तरी तेथील केंद्रीय कायद्याला चालते. १९९१ पासून हा आकडा हललेला नाही. टिपा धरूनही ७.२५ डॉलर भरले नाहीत, तर उरलेले मालकाने द्यायचे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. एरवी मजुरीचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेला असतो.

मर्जीवरची मजुरी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगायला नको. रात्रंदिवस गावकी करायची आणि घरोघर भाकरी मागायची! कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द केली. मुंबई इलाख्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात विधेयक मांडले. तिकडे गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या बांधवांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयन-डब्यांत नोकर म्हणून घेतले. पगार तुटपुंजा, बाकी टिपांवर. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, म्हणजे मालकाच्याच नावाने. त्यांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला.

तेव्हा पद्धतीचा राग वाढप्यावर काढू नये. बसून जेवलात तर १५ ते २० टक्के द्यावे. काउंटरवरून उचलून आणलेल्या खाण्याला सक्ती नाही. जपानमध्ये उलट. तेथे टेबलावर पैसे ठेवले, तर विसरले असे समजून मागे धावत आणून देतात.

आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांत बिलातच ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल, तर तो काढायला सांगावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम केल्या. द्यायचेच असेल, तर वाढणाऱ्याच्या हातात द्यावे.