रिपोर्ट नॉर्मल आहे, पोटाचं काय?

‘सोनोग्राफी नॉर्मल आली आहे डॉक्टर, आता पोट दाबून वेगळं काय कळणार?’

पोटदुखीच्या पेशंटला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. कधी पेशंट विचारतो, बहुतेक वेळा सोबत आलेला जावई किंवा भाऊ. हातात रिपोर्टची पिशवी असते आणि सूर असा, की यंत्रानं आतलं सगळं पाहून झालंय, आता ही चाचपणी म्हणजे नुसता सोपस्कार. याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे ‘आधी सोनोग्राफीची चिठ्ठी द्या, रिपोर्ट आला की दाखवतो’. म्हणजे पोट नंतर, कागद आधी.

या बोलण्यात तीन गैरसमज एकात एक गुंतलेले आहेत. सोनोग्राफीत पोटातलं सगळं दिसतं, हा पहिला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोट नॉर्मल, हा दुसरा. आणि हातानं तपासणं ही यंत्रं नव्हती तेव्हाची पद्धत, हा तिसरा. तिन्ही चूक आहेत, आणि या चुकीपायी माणसं फुटलेलं अपेंडिक्स घेऊन दवाखान्यात येतात, म्हणून जरा सविस्तर.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते आणि या लहरींना हवा पार करता येत नाही. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, गर्भाशय हे अवयव भरीव किंवा द्रवानं भरलेले, म्हणून ते छान दिसतात. पित्ताशयातले खडे शोधायला सोनोग्राफीइतकी सोपी आणि भरवशाची पहिली तपासणी दुसरी नाही. पण जठर आणि आतडी म्हणजे हवेचं घर. जठराच्या आतल्या अस्तरावरचा अल्सर सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, त्यासाठी दुर्बीण घालावी लागते. अ‍ॅसिडिटी दिसत नाही. वर्षानुवर्षं पोट बिघडवणारा ‘आयबीएस’ तर कुठल्याच चित्रात दिसत नाही, तो पेशंटच्या हकिगतीवरून ओळखायचा असतो. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं, त्यामुळे गॅस असला की तेही झाकलं जातं. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे वळलेलं असेल किंवा पेशंट स्थूल असेल, तर अनुभवी सोनोलॉजिस्टलाही ते सापडेलच असं नाही. मग रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, ‘अपेंडिक्स दिसलं नाही’. घरी त्याचा अर्थ लावला जातो, ‘अपेंडिक्सचा त्रास नाही’. शोधून सापडलं नाही आणि पाहिलं पण ठीक होतं, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता हाताला काय कळतं ते पाहू. अपेंडिक्सचंच उदाहरण घेऊ. सुरुवातीला दुखतं ते बेंबीभोवती, मोघम. कारण आतड्यांच्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या भिंतीच्या अस्तरापर्यंत पोहोचते. या अस्तराला जागा अचूक कळते, म्हणून दुखणं सरकून उजव्या ओटीपोटात येतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा सांगितली: कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या रेषेवर, हाडापासून दीड ते दोन इंचांवर. तिथं एका बोटानं दाबलं की पेशंट कळवळतो. डेन्मार्कचे सर्जन रोव्हसिंग यांनी १९०७ साली आणखी एक खूण सांगितली. दाबायचं डाव्या बाजूला आणि दुखतं उजवीकडे. हे सोंग घेऊन जमणारं नाही.

जुनी नावं काढली की ‘ते जुनं झालं’ असं उत्तर येतं, म्हणून अलीकडचं सांगतो. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी १९८६ साली मांडलेली गुणपद्धत आजही जगभर वापरली जाते. अपेंडिक्सच्या शंकेला एकूण १० गुण. त्यातले ३ हकिगतीला: दुखणं सरकलं का, भूक गेली का, मळमळ किंवा उलटी आहे का. ४ प्रत्यक्ष तपासणीला: उजवीकडे दाबल्यावर दुखणं, दाब सोडताना कळ येणं आणि ताप. ३ रक्ताच्या रिपोर्टला. सोनोग्राफीला या १० गुणांत जागाच नाही. म्हणजे ७ गुण केवळ ऐकून, हात लावून आणि थर्मामीटर लावून ठरतात.

अल्सर फुटून जठराला भोक पडतं तेव्हा तर हातासारखं साधन नाही. पोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि पोट लाकडी फळीसारखं कडक होतं. पेशंट तळमळत नाही, उलट निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. मुतखड्याचा पेशंट मात्र एका जागी ठरत नाही. हा फरक दारातूनच दिसतो. अशा वेळी सोनोग्राफीच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा उभा एक्स-रे काढला तर छातीच्या पडद्याखाली सुटलेली हवा बहुधा दिसून येते. आणि धोका असा, की भोक पडल्यावर काही तासांनी दुखणं उतरल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, गोळी लागू पडली. पोट तसंच कडक आहे हे हात लावल्याशिवाय कळणार कसं?

यात दोष फक्त पेशंटचा नाही. स्टुलावर बसवून, साडीच्या किंवा पँटच्या वरून दोन ठिकाणी दाबलं आणि ‘पोट तपासलं’ म्हटलं, हे तपासणं नव्हे. पेशंट उताणा, गुडघे थोडे वाकवलेले, पोट पूर्ण उघडं आणि तपासणी जांघेपर्यंत. शेवटचा शब्द महत्त्वाचा. म्हातारी बाई उलट्या होतात म्हणून येते आणि अडकलेला हर्निया जांघेत लपलेला असतो. लाजेनं ती बोलत नाही, संकोचानं कुणी पाहत नाही. कुमारवयातला मुलगा ‘ओटीपोटात दुखतंय’ म्हणतो आणि पीळ पडलेला असतो वृषणाला. तिथं साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. फक्त पोटाची सोनोग्राफी केली, तर ती नॉर्मलच येणार! संकोच खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हा पेशंटचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. हक्क मागा, तपासणी टाळू नका.

गंमत म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीतही हाताचीच पद्धत चालते. शिकागोचे सर्जन जॉन मर्फी यांची खूण अशी: उजव्या बरगड्यांखाली बोटं ठेवून पेशंटला खोल श्वास घ्यायला सांगायचं. श्वासाबरोबर सुजलेलं पित्ताशय खाली येऊन बोटांना टेकलं की श्वास मध्येच अडतो. सोनोलॉजिस्ट नेमकं हेच करतो, फक्त बोटांऐवजी प्रोब दाबतो आणि ‘इथं दुखतं का?’ विचारतो. त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये लिहिलं जातं. ज्याला आपण यंत्राचा निकाल म्हणतो, त्यात दाबून पाहणं आलंच.

तपासणीचा क्रमही उगाच ठरलेला नाही. आधी पाहायचं: पोट फुगलंय का, श्वासाबरोबर हलतंय का, जुने टाके आहेत का. मग ऐकायचं, कारण आधी दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात, असं शिकवलं जातं. मग बोटानं ठोकायचं, आणि हातानं चाचपणं शेवटी. तेही दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करून. ठोकण्याची पद्धत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड ऑएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली, ती छातीसाठी. ते खानावळवाल्याचे चिरंजीव, पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून कळतं हे त्यांनी घरीच पाहिलेलं. आणि चाचपण्याची ताकद पाहायची तर आपल्याच देशातलं उदाहरण आहे. १८४०च्या दशकात यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांमध्ये डॉ. डेम्पस्टर यांनी लोकांच्या पोटांना हात लावून किती जणांची पानथरी वाढली आहे हे मोजलं आणि त्यावरून कुठल्या गावात हिवतापाचा जोर जास्त ते सांगितलं. हिवतापाचा जंतू तेव्हा सापडलासुद्धा नव्हता.

मग हात श्रेष्ठ आणि यंत्र फालतू? अजिबात नाही. पोटात साचलेलं थोडं पाणी हाताला कळत नाही, ते लिटर-दीड लिटर झाल्यावर जाणवतं. सोनोग्राफी मात्र त्याच्या कितीतरी आधी सांगते. पानथरीही बरीच वाढल्याशिवाय बोटांना लागत नाही. मुतखडा चाचपून सापडत नाही. स्थूल माणसाचं पोट हाताला फसवतं, म्हाताऱ्या पेशंटचं पोट आत गंभीर बिघाड असूनही मऊ लागू शकतं. म्हणूनच चांगला डॉक्टर काही तासांनी पुन्हा पोट तपासतो. तपासणीतून प्रश्न ठरतो आणि मग त्या प्रश्नाचं उत्तर देणारी चाचणी निवडायची असते: सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी किंवा दुर्बीण. प्रश्नच नसेल तर चाचणी भलतीच उत्तरं देते. ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहून येतं आणि पोटदुखीचा दोष त्याच्यावर जातो. मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘पोटात लहान गाठी’ दिसतात आणि आईबाप टीबीच्या भीतीनं रात्र जागून काढतात. निरोगी मुलांतही अशा लहान लसिकाग्रंथी दिसतात, हे त्यांना सांगायला कुणी बसत नाही.

आता उरलेले समज, थोडक्यात.

‘बेंबी सरकली.’ बेंबी म्हणजे नाळ गळून पडल्याचा व्रण, तो सरकत नाही. चोळून-दाबून ‘बसवताना’ आत सुजलेलं अपेंडिक्स किंवा अडकलेलं आतडं असेल, तर जिवावर बेततं.

‘तपासणीआधी दुखण्याचं औषध घेतलं तर निदान चुकतं.’ ही भीती जुनी आहे. झॅकरी कोप यांच्या १९२१ सालच्या प्रसिद्ध पुस्तकापासून सर्जनांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. पण संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००७ आणि २०११च्या आढाव्यांनी तीव्र पोटदुखीच्या पेशंटवरचे प्रयोग एकत्र पाहिले, आणि अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे चुकीच्या निदानाचं प्रमाण वाढत नाही असं आढळलं. म्हणून दवाखान्यात इंजेक्शन देत असतील तर घ्या. घरच्या घरी गोळ्यांवर दोन दिवस ढकलणं ही वेगळी गोष्ट.

‘एरंडेल घ्या, पोट साफ होईल.’ कारण न कळलेल्या तीव्र पोटदुखीत जुलाब अजिबात नको.

‘पेरूच्या बिया गिळल्या की अपेंडिक्स होतं.’ बी अडकणं अगदी क्वचित. अपेंडिक्सचं तोंड बंद होतं ते बहुधा कडक झालेल्या मळाच्या खड्यानं किंवा आतल्या ग्रंथी सुजल्यानं.

‘गॅस छातीत चढला.’ पन्नाशीच्या माणसाला छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला तर सोड्याची बाटली बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा. हृदयविकाराचा झटका असाही येतो.

‘दुखतंय तिथंच आजार.’ पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जातं, मुतखड्याचं जांघेत, आणि लहान मुलांना न्यूमोनियात कधी कधी फक्त पोटात दुखतं.

पुढच्या वेळी पोटदुखीसाठी जाल तेव्हा दुखणं कधी, कुठं सुरू झालं आणि कुठं सरकलं हे सांगा. जागा तळहातानं नाही, एका बोटानं दाखवा. लघवी करून या, सैल कपडे घाला. दुखणं वाढत असेल, पोट फुगून वारा सरत नसेल, हललं किंवा खोकलं की कळ येत असेल, उलटी हिरवी किंवा ताप असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्याच दिवशी पुन्हा जा. आणि कुणी स्टुलावरच बसवून सोनोग्राफीची चिठ्ठी पुढे केली, तर ‘आधी झोपवून तपासता का?’ असं सरळ विचारा. त्यात डॉक्टरचा अपमान नाही, आणि या तपासणीला वेगळे पैसेही पडत नाहीत.